बेळगावात एकच सायकल घ्यायची तर: रोड की एमटीबी?

दिवाळी झाली की आमच्याकडे हा प्रश्न येतोच. पाऊस उघडलेला, पहाटे स्वेटर लागेल इतपत थंडी, बोनसचे पैसे अजून शिल्लक. उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीतच गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं, चौथा घरातलाच भाचा निघाला. नोव्हेंबरभर माझ्याकडे दोन्ही सायकली होत्या: माझी पाच वर्षं वापरातली रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची, डांबरावर पळणारी, आणि मित्र परगावी गेल्यामुळे आमच्या पडवीत येऊन पडलेली त्याची एमटीबी, म्हणजे जाड टायरची माउंटन बाईक. महिनाअखेरीस रोडवर 13 फेऱ्यांत 665 किलोमीटर झाले होते, एमटीबीवर 9 फेऱ्यांत 214. एवढंच ऐकलं तर कोणीही म्हणेल, रोडच घ्या. पण तास मोजा की. रोडवर साडेसव्वीस, एमटीबीवर सव्वापंधरा. त्या सव्वापंधरा तासांतला एकही मला कंटाळवाणा गेला नाही. रोडच्या बाबतीत असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

माझ्या मते सायकल कुठली घ्यायची हे खिशावर नंतर ठरतं. आधी ठरतं ते सकाळी घरातून निघून तुम्ही कुठल्या बाजूला वळता यावर. पूर्व भागात काळी माती, ऊस आणि लांबच लांब सरळ रस्ते. पश्चिम भागात तांबडी माती, भात, काजू आणि सतत चढउतार. ही विभागणी आमच्या रोजच्या बोलण्यातली आहे, ती सायकलीलाही लागू पडते.

पूर्वेला

सांबऱ्यावरून बागलकोट रस्ता धरला किंवा काकतीवरून संकेश्वरकडे हायवेला लागलं, की रोड बाईकचं सोनं होतं. 25 मिमीचे टायर, 90 पीएसआय हवा, पायाला लागेल तेवढंच वजन. एका रविवारी गोकाकच्या धबधब्याला जाऊन आलो, सव्वाशेच्या वर किलोमीटर झाले. घटप्रभेचं पाणी ओसरलं होतं, तरी 52 मीटरवरून पडताना बघायला बरं वाटतं. दुपारच्या जेवणाला घरी होतो. हीच फेरी एमटीबीवर करायची म्हटलं तर संध्याकाळ होईल, आणि जाड टायरची घरघर दिवसभर कानात राहील ती वेगळीच.

पण नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू होतं. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यावर मोठ्यानं लावलेला टेप, मागे रस्त्यावर सांडलेला ऊस. घंटी वाजवून उपयोग नाही, ड्रायव्हरला ती ऐकूच जात नाही. बारीक टायर उसाच्या कांडीवर गेला तर सायकल आडवी होते. म्हणून पूर्वेकडची फेरी मी साडेपाचला सुरू करतो आणि नऊच्या आत हायवेवरून उतरायचं बघतो.

बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचा विचार असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. 200 किलोमीटरला 13 तास 30 मिनिटं मिळतात. नियमाप्रमाणे कुठलीही सायकल चालते, एमटीबीवर पूर्ण करणारेही असतात. पण पहिल्याच खेपेला स्वतःला इतका त्रास कशाला?

पश्चिमेला

इथे मी शहाणपणा करून बघितला. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात रोड बाईक घेऊन जांबोटीकडे निघालो. आमचे सायकलवाले काका चाकात हवा बघताना म्हणाले होते, "ह्या चाकांनी जांबोटीला जातोस? जा की, येताना चालत ये." किणयेच्या पुढे पावसाळ्यानं उखडलेल्या तुकड्यात मागचं चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. जवळची एक ट्यूब लावली, चार किलोमीटरवर तीही गेली. दुधाच्या टेम्पोतून, कॅनच्या मध्ये सायकल धरून परत आलो. काकांना अजून सांगितलेलं नाही.

तोच रस्ता पुढच्या आठवड्यात एमटीबीवर केला, 30 पीएसआय हवेवर. खड्डे होते तिथेच होते. पण आता मान वर करून आजूबाजूला बघता येत होतं. भाताची कापणी चाललेली, डांबरावरच पिंजर वाळत घातलेलं. त्यावरून रोड बाईक घसरते, ही बिनधास्त जाते. आणि खरी मजा डांबर सोडल्यावर. बेळगुंदीहून राकसकोपच्या बाजूला काजूच्या बागांमधून ज्या बैलगाडीच्या वाटा आहेत, तिथे ताशी बाराच्या वर वेग गेला नाही, तरी दोन तासांत अंगाचं पाणी झालं.

भीमगड अभयारण्य 2011 मध्ये जाहीर झालं आहे. खानापूरच्या त्या जंगलात वनखात्याला न विचारता शिरू नका. वाटेत गवा आडवा आला तर कुठलाच गिअर कामाला येत नाही.

एकाच चढावर दोन्ही

राजहंसगड त्यासाठी उत्तम. येळ्ळूरच्या वेशीपासून वर पार्किंगपर्यंत रोडवर 16 मिनिटं लागली, एमटीबीवर 19. वजनात चार किलोंचा फरक असूनही तीनच मिनिटं. कारण गिअर. रोडला पुढे 34 आणि मागे 28 दात हा सगळ्यात हलका जोड. शेवटच्या उभ्या चढावर मी अक्षरशः नागमोडी जात होतो. एमटीबीला पुढे 32, मागे 50, म्हणजे पॅडल कितीतरी हलकं. वेग पायी चालणाऱ्याइतकाच, पण गुडघे शाबूत. वर शिवरायांच्या पुतळ्यापाशी पोचल्यावर मला बोलता येत होतं, हा फरक घड्याळात दिसत नाही. उतारावर तर तुलनाच नको, एमटीबीच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकला दोन बोटं पुरतात. माझ्या रोडचे ब्रेक रिमचे, दवानं ओल्या रस्त्यावर पोटात गोळा येतो.

चाळिशी ओलांडली असेल आणि गुडघे कुरकुरत असतील, तर दिशेबिशेचं माझं सगळं म्हणणं सोडा आणि गिअर बघून सायकल घ्या.

दुकानात कोणी सांगत नाही ते

रोडच्या ट्यूबला बहुधा प्रेस्टा नावाचा बारीक वॉल्व असतो. खेड्यातल्या गॅरेजचा पाइप त्याला बसत नाही. छोटा ॲडॉप्टर आणि दोन ट्यूब खिशात हव्यातच. एमटीबीला मोटरसायकलीसारखा वॉल्व, कुठेही हवा मिळते. खानापूरच्या बाजारात मला 27.5 इंची चाकाची ट्यूबसुद्धा मिळाली.

म्हणून एमटीबी पंक्चर होत नाही असं समजू नका. पूर्व भागातल्या पाणंदीत बाभळीचा काटा जाड टायरलाही दाद देत नाही. आणि अवकाळी सर पडून गेली की काळी माती चाकात अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, म्हणजे पूर्वेला डांबर सोडलं की एमटीबीही हरते. तांबडी माती चिकटत नाही, पण तिची धूळ चेन खाते. महिन्यात रोडची चेन दोनदा साफ केली, एमटीबीची प्रत्येक फेरीनंतर.

दोन्हींच्या मधली हायब्रीड मी चार वर्षं वापरली. तक्रार नाही, आठवणही नाही. ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारी जरा जाड टायरची रोड बाईक, या मुलखाला शोभेल खरी, माझ्या खिशाला नाही.

भाचा टिळकवाडीतून कॉलेजला जाणार, रविवारी मित्रांबरोबर बेळगुंदी नाहीतर शिनोळी ओलांडून वैजनाथाच्या डोंगराला. हायवेचं त्याला काही पडलेलं नाही. त्याला एमटीबी घ्यायला लावली, फक्त गावात फिरायला म्हणून दुकानातच टायर बदलून 1.75 इंच रुंदीचे गुळगुळीत घातले. मूळचे दातेरी टायर आमच्या माळ्यावर ठेवलेत. मे संपला की काढायचे.