राखणदाराच्या जामिनासाठी घेतलेली मोफत विधी सेवा : आमचा अनुभव

आंब्याच्या हंगामात बागेत नेपाळी राखणदार ठेवणाऱ्या प्रत्येक घराने वाचावं म्हणून हे लिहिते आहे. तुमचा माणूस एखाद्या गुन्ह्यात आत गेला, इथे त्याचं कोणी नाही, खिशात पैसा नाही, तरी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो. आम्हाला मिळाला, आणि चांगला मिळाला. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमची बाग रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे, गणेशगुळ्याच्या बाजूला, कातळावर. दिवाळी झाली की राखणदार येतात, मृगाच्या आधी परत जातात. मधले सगळे महिने बागेतल्या खोपीत राहायचं, दिवसा वानर हाकायचे, रात्री चोरांवर नजर ठेवायची, फवारणीला हात लावायचा, काढणीला आंबे उतरवायच्या झेल्याबरोबर झाडाखाली उभं राहायचं. आमच्याकडे जो आहे तो तिशीच्या आतला आहे. मला काकी म्हणतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

जानेवारीत, मोहोर ऐन फुललेला असताना, त्याने शेजारच्या बागेतला फवारणीचा एचटीपी पंप उचलला आणि भंगारात विकला. भंगारवाल्याने लगेच नाव सांगितलं, पंपही परत मिळाला. पण पंचनामा, जप्ती यांत पंप अडकला आणि शेजाऱ्याची फवारणी चुकली. तुडतुडे या किडीने अर्ध्या कलमांचा मोहोर काळा केला. चोरी ती चोरीच. शेजाऱ्याचं नुकसान खरं आहे, ते मी कुठेही लहान करून सांगणार नाही.

वाडीत बोलणी सुरू झाली की हे सगळे असेच. दुसरा माणूस बघा, याच्या भानगडीत पडू नका, असा सल्ला घरातल्यांनीही दिला. एका ओळखीच्या वकिलाची फी विचारली, तर ती त्याच्या हंगामाच्या पगाराच्या निम्म्याच्या घरात गेली. तेव्हा ग्रामपंचायतीत कायद्याच्या शिबिराला येणाऱ्या एका विधी स्वयंसेवक बाईंनी १५१०० हा नंबर दिला आणि सांगितलं की जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे अर्ज करा.

मला वाटलं होतं की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला असली रांग लागणार. तसं काही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये कोणाला ही मदत मिळते ते दिलं आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तो इथला की नेपाळचा, हेही कोणी विचारलं नाही. एक साधा अर्ज, बस्स. फौजदारी खटल्यांसाठी आता लोकअभिरक्षक कार्यालय असतं. तिथले वकील याच कामासाठी पूर्णवेळ नेमलेले असतात, त्यांचं मानधन सरकार देतं, आरोपीच्या घरच्यांकडून एक रुपया घ्यायचा नाही.

आमच्या वाट्याला आलेल्या वकील बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. आम्ही भेटायला गेलो त्याच्या आधीच त्या कारागृहात जाऊन त्याला भेटून आल्या होत्या. फाईल उघडून मला म्हणाल्या, "गुन्हा कधी झाला, कुठे झाला, ते या कागदात आहे काकू. का झाला ते यात नाही. तुम्हाला काय माहिती आहे?" मग एकेक प्रश्न. त्याला पगार कोण देतं, महिन्याला की हंगामाच्या शेवटी? उचल किती दिली? लिहून ठेवता का? घरी पैसे कसे पाठवतो? दारू पितो का, रोज की कधीमधी? याआधी कोणाकडे होता?

या शेवटच्या प्रश्नातच सगळं होतं. आमच्याकडे यायच्या आधी तो त्याच शेजाऱ्याकडे होता.

त्याचं हिंदी कामापुरतं, मराठी त्याहून कमी. बाईंनी सुचवलं की नेपाळी बोलणारं कोणी बघा. शहरात चायनीजची गाडी लावणारा एक नेपाळी आचारी तयार झाला, धंद्याची संध्याकाळची वेळ सोडून मदतीला आला. त्याने आधी आमच्या राखणदाराच्या बायकोशी फोनवर बोलून घेतलं, तेव्हा जे कळलं ते असं: शेजाऱ्याने मागच्या हंगामाच्या शेवटी वानरांनी केलेली नासाडी आणि चोरीला गेलेली फळं यांचे पैसे याच्या पगारातून कापले होते. इकडे याने धाकट्या भावाला आखाती देशात पाठवण्यासाठी गावच्या सावकाराकडून कर्ज काढलेलं. एजंटाने फसवलं, भाऊ काही महिन्यांत रिकाम्या हाताने परतला. व्याज चढत गेलं. सावकाराचा माणूस दारात येऊन बसायला लागला तेव्हा बायकोने फोन केला. हा आपली बाकी मागायला शेजाऱ्याकडे गेला, हाकलून दिला गेला. त्या रात्री प्यायला आणि पंप उचलला. भंगारात मिळालेले पैसे व्याजाच्या एका हप्त्यालाही पुरले नाहीत.

यातलं एक अक्षर त्याने मला सांगितलं नव्हतं. उलट पोलीस आले तेव्हा माझ्या तोंडावर खोटं बोलला. त्याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

वकील बाईंनी मला स्वच्छ सांगितलं की या हकिगतीमुळे तो निर्दोष ठरत नाही. पगार थकला म्हणून पंप उचलायचा हक्क कायदा देत नाही. पण जामीन मागताना, तडजोडीच्या वेळी, आणि शिक्षा झालीच तर ती किती असावी हे ठरताना, माणूस कोण आहे आणि इथवर कसा आला हे न्यायाधीशांसमोर असायला हवं. त्यांचं बोलणं असंच, खोटी आशा नाही, धमकावणंही नाही. पुढे असा माणूस पुन्हा चोरी करेल का, याचं उत्तरही त्या हकिगतीतच शोधावं लागतं, असं त्या म्हणाल्या. कर्ज तसंच राहिलं आणि तो सुटला, तर काय होईल ते तुम्हीच सांगा, काकू.

मी घरी येऊन या प्रश्नावर खूप विचार केला. आमच्या पट्ट्यात करार तोंडी असतो. उचल देतो आणि बाकी हिशोब मे महिन्यात. मधल्या काळात माणसाकडे पैसा नसतो, सोबत कोणी नसतं, खोपीत रेंज मिळाली तर फोन. फळ गेलं तर दोष राखणदाराचा. वानरांचा कळप एका सकाळीत झाड साफ करतो हे आपण सगळे जाणतो, तरी ते त्याच्या पगारातून वळतं करणारी घरं आहेत. एका माणसाने चोरी केली म्हणून त्याला शिक्षा होईल, होऊ दे. पण ही पद्धत तशीच राहिली तर पुढच्या हंगामात दुसऱ्या खोपीत हेच घडेल. म्हणून आम्ही यंदापासून दर महिन्याला पगार आणि वहीवर दोघांची सही, असं ठरवलं आहे.

कारागृहात मुलाखतीला गेले तेव्हा मन घट्ट करून गेले होते. नाव लिहून घेतलं, ओळखपत्र बघितलं, नंबर येईपर्यंत बाकावर बसवलं. तिथला शिपाई म्हाताऱ्या बायकांशी फार नीट बोलत होता, हे नमूद करते. रत्नागिरीच्या या कारागृहात १९२१ मध्ये सावरकरांना आणून ठेवलं होतं, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असतं. आज आत असलेल्यांची विचारपूस करायला मात्र त्या बाकावर थोड्या आया, थोड्या बायका आणि मी. आतल्या बहुतेकांचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरच्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांत तीन.

त्याने मान वर केली नाही. माफी मागितली, मग म्हणाला, काकी, दुसरी फवारणी झाली का? पंपाचं जादा नोझल खोपीत पत्र्याच्या डब्यात आहे. मी म्हटलं, झाली, तू बायकोशी बोल. त्यासाठी ई-मुलाकात नावाची सोय आहे, मोबाईलवर चित्रासह बोलता येतं. बायकोच्या ओळखपत्रावरून थोडं अडलं, पण वकील बाईंनी पाठपुरावा केला आणि ते झालं.

आता जामीन. अर्ज मंजूर झाला, कारण पहिलाच गुन्हा, माल परत मिळालेला, काम आणि राहायची जागा आम्ही लेखी दिलेली. पण अट पडली स्थानिक जामीनदाराची. मी तयार होते. सातबारा काढला तर तो सामाईक. सासऱ्यांच्या पिढीपासून फोड नाही, निम्मी नावं मुंबईत, काही माणसं हयात नाहीत. कोकणात हे घरोघरी आहे. एका कार्यालयात ऐपतीच्या दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर पाठवत राहिले. कुठलं ते लिहीत नाही. जामीन मिळूनही माणूस आतच.

इथे या वकिलांचं खरं काम दिसलं. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जामिनाबाबत सूचना दिल्या आहेत. जामीन मिळूनही आरोपी सात दिवसांत सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि स्थानिक जामीनदाराच्या अटीमुळे सुटका लांबते म्हणून न्यायालयांनी ती अट घालू नये, असं त्यात सुचवलेलं आहे. बाईंनी त्याच्याही मागे जाऊन १९७८ चा मोतीरामचा निकाल दाखवला. मोतीराम गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. परक्या मुलखातल्या गरीब माणसाने जामीनदार कुठून आणायचा, हा प्रश्न तेव्हाही हाच होता. आमच्या न्यायालयाने जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन मान्य केला. रक्कम आम्ही भरली. आम्ही नसतो तर गरीब कैद्यांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यातून जामिनाची रक्कम मिळू शकते, हेही बाईंनी सांगून ठेवलं होतं.

हे सगळं झालं नसतं तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. जन्मठेप आणि मृत्युदंडाचे गुन्हे यातून वगळलेले. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं. म्हणजे निकालाआधीच वर्ष गेलं असतं, आणि तिकडे सावकार दारात.

अर्धा गुण कापला तो दुभाष्यासाठी. जप्तीचा कागद मराठीत होता, आमच्या माणसाने न समजता अंगठा दिला होता. रत्नागिरीपासून देवगडपर्यंत बागांत आणि बोटींवर एवढे नेपाळी लोक आहेत, तर त्यांच्या भाषेतला माणूस पहिल्या दिवसापासून उपलब्ध हवा, चायनीजच्या गाडीवरून शोधून आणावा लागू नये. शिवाय बाईंकडे खटल्यांचा इतका भार की फोन उचलायला संध्याकाळ व्हायची. उचलायच्या मात्र नक्की.

लोकअदालतीच्या आधी दोन्ही बाजूंची बैठक झाली. अशी चोरी मालाच्या मालकाच्या संमतीने तडजोडीने मिटू शकते. शेजारी आले, रागातच होते. म्हणाले, "याची सगळ्यांना काळजी, माझा हंगाम बुडाला ते कोणी विचारलं का?" वकील बाई आरोपीच्या, तरी त्यांनी हातातला पेन खाली ठेवून त्यांचं पूर्ण ऐकून घेतलं. किती कलमं गेली, औषधांचा खर्च किती, करारदाराचे पैसे कसे द्यायचे, सगळं. बऱ्याच वेळाने शेजाऱ्यांनी खिशातून डायरी काढली. त्यात मागच्या हंगामाची कपात लिहिलेली होती. ती रक्कम आणि फवारणीचं नुकसान समोरासमोर मांडून हिशोब सुरू झाला आहे. पूर्ण जुळलेला नाही. शेजारी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

तो आमच्याच बागेत आहे, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावतो.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी: अटक झाली त्याच दिवशी १५१०० ला फोन करा किंवा न्यायालयातल्या प्राधिकरणात जा, पहिल्या रिमांडलाही वकील मिळतो. गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव, माणसाच्या नागरिकतेच्या कागदाची झेरॉक्स आणि त्याच्या गावच्या घरचा चालू फोन नंबर बरोबर ठेवा. पगाराची वही असेल तर तीही न्या. सातबारा सामाईक असेल तर ऐपतीच्या दाखल्यामागे धावण्याआधी रोख जामिनाचं वकिलांना विचारा.