आईच्या केमोत घेतलेला रबरी बँडचा सेट

आईची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे. दुसऱ्या सायकलनंतर (म्हणजे केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर) तिला कमोडवरून उठताना हात द्यावा लागायला लागला तेव्हा मी घाबरलेच, वजन फार उतरलं नव्हतं पण मांड्या पार बारीक. डॉक्टर म्हणाले की झोपून राहणं, कमी खाणं आणि केमोसोबतचं स्टेरॉइड, या सगळ्याने स्नायू झडतात, फिजिओकडे जा. फिजिओने व्यायामाच्या ताणायच्या रबरी पट्ट्यांचा हा तीनचा सेट आणायला सांगितला.

पिवळा पट्टा सगळ्यात हलका, आम्ही अजून त्याच्यावरच आहोत. आठवड्यातून 2 दिवस, 8 ते 15 वेळा ओढायचं, असे 2 सेट, आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस. बाकीचे दिवस गच्चीत जमेल तेवढं चालणं. डंबेल हातातून पडायची भीती असते, इथे ती नाही, आणि बेडवर बसूनही होतं हे मला फार आवडलं.

पट्ट्यांना वास येतो, केमोत तिला तो सहन होईना, दोन दिवस धुवून वाळवले मग गेला. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर घेऊच नका. ताप असेल, प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन खाली गेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आम्ही त्या दिवशी बंदच ठेवतो.

नुसत्या पट्ट्याने होत नाही हो, प्रोटीन पण लागतं, वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.5 ग्रॅम सांगितलंय, म्हणून अंडी, पनीर, मूगडाळीचं धिरडं चालू आहे. चौथ्या सायकलला आई स्वतः उठली. 5 पैकी 5.