सुपरमार्केट चेनला माल देताय? आधी डेबिट नोटचा खेळ समजून घ्या

मोठ्या चेनला सप्लाय सुरू करायचा विचार असेल तर सही करायच्या आधी हे वाचा. आमचे पैसे बुडवून कोणी पळून गेलं नाही, उलट पेमेंट येत होतं, फक्त दर वेळी त्यातनं काहीतरी कापलेलं असायचं, आणि हे सगळं इतक्या सभ्यपणे चालतं की आपण लुबाडले जातोय हे कळायलाच वेळ लागतो.

जमा रक्कम बिलापेक्षा कमी, का म्हणून मेल टाकला की डेबिट नोटची, म्हणजे 'बिलातून इतके पैसे कापले' असं कळवणाऱ्या कागदाची, पीडीएफ यायची. 'शॉर्ट सप्लाय', 'श्रिंकेज', 'प्रमोशन सपोर्ट', समोर आकडे, बास. शॉर्ट सप्लाय, म्हणजे माल कमी भरला म्हणाल तर त्यांच्याच गोडाऊनच्या माणसाने माल मोजून घेतलेला, माल पोचवल्याच्या चलनावर शिक्का, सही आणि शेजारी पेनाने 'पूर्ण मिळाला' असं लिहिलेलं. ती कॉपी पाठवली तर म्हणे सिस्टीमला कमी दिसतोय. श्रिंकेज म्हणजे त्यांच्या दुकानातून चोरीला जाणारा नाहीतर हिशोबात गहाळ होणारा माल, म्हणजे आता त्यांच्या दुकानावर पहारा पण आम्हीच द्यायचा का! प्रमोशनचं तर बोलायलाच नको, 'एकावर एक फ्री' त्यांनी लावलं, आम्हाला फोनवर नुसतं कळवलं, आणि फुकट वाटलेल्या नगांचा भुर्दंड आमच्या माथी.

बायरला, म्हणजे चेनच्या खरेदी बघणाऱ्या माणसाला, विचारलं तर, "सर, सगळेच सप्लायर देतात, जमत नसेल तर सांगा, लिस्टिंगचं बघू." खरी मेख या 'लिस्टिंगचं बघू' मध्ये आहे, म्हणजे तुमचा माल आमच्या यादीतून आणि शेल्फवरून काढू. बराचसा धंदा त्या एकाच गिऱ्हाईकावर, मशीनचे हप्ते चालू, पॅकिंग त्यांच्या ब्रँडचं छापून पडलेलं जे दुसरीकडे चालतच नाही, मग तक्रार करतंय कोण? कोर्टाचा रस्ता मोकळा असतो हो, पण नोटीस गेली की माल शेल्फवरून खाली.

ही भीती सगळीकडची आहे. ब्रिटनमध्ये मोठ्या सुपरमार्केटांनी सप्लायरशी कसं वागायचं याची २०१० पासून आचारसंहिता आहे, पण सप्लायर तोंडच उघडेनात म्हणून २०१३ मध्ये कायदा करून 'ग्रोसरीज कोड ॲडज्युडिकेटर' हे संहिता पाळली जाते का बघणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणलं, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचं बंधन त्यांच्यावर आहे. त्यांचा टेस्को या तिथल्या मोठ्या सुपरमार्केट चेनवरचा २०१६ चा रिपोर्ट वाचला तर आमचीच फाईल वाटली. एका सप्लायरचे तर काही मिलियन पौंड, चूक लक्षात आल्यानंतरही वर्षभराहून जास्त रखडवलेले. परस्पर कापाकापी बंद करा आणि आधी सप्लायरला हरकत घ्यायला ३० दिवस द्या असं टेस्कोला सांगितलं गेलं. दंड मात्र शून्य, कारण दंडाचा अधिकार २०१५ मध्ये मिळाला आणि प्रकार त्याआधीचा (आता उलाढालीच्या १ टक्क्यापर्यंत दंड होऊ शकतो). आणि एक गोष्ट फार जणांना माहीत नसते, ती संहिता थेट सप्लायरलाच लागू आहे, मधल्या व्यापाऱ्यामार्फत माल देणारा त्यात येतच नाही.

युरोपियन युनियनच्या २०१९ च्या डायरेक्टिव्हमध्ये नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत द्यायचे आणि ऐनवेळी ऑर्डर रद्द करायची नाही असं आहे. ऑस्ट्रेलियात असाच कोड ऐच्छिक होता, म्हणजे चोरालाच विचारून कुलूप लावण्यातला प्रकार, तो १ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा केला.

तुमच्याकडे असा कायदा असो नसो, कॉन्ट्रॅक्टमध्ये 'सेट-ऑफ' नावाचं कलम शोधा. चेनला आपली कुठलीही येणी तुमच्या पुढच्या बिलातून परस्पर वळती करायचा हक्क त्याने मिळतो, तिथे 'सप्लायरच्या लेखी संमतीनेच' एवढे शब्द घालायला लावा. नाही म्हणाले तर निदान डेबिट नोट आधी, कपात नंतर, एवढं तरी मिळवा. स्कीमचा फोन आला की त्याच दिवशी मेल टाका, खर्च कोणाचा हे स्पष्ट विचारून. त्यांच्या ब्रँडचं पॅकिंग छापायच्या आधी ऑर्डर थांबली तर उरलेल्या स्टॉकचे पैसे कोण देणार हे लिहून घ्या, इथे भलेभले अडकलेत.

आमचे शॉर्ट सप्लायचे पैसे त्या चलनांमुळे परत मिळाले, प्रमोशनचे नाही, तिथे आमच्याकडे कागदच नव्हता. श्रिंकेजचं प्रकरण 'अंडर रिव्ह्यू' आहे, मधे बायर बदलला आणि नवीन साहेब म्हणतात सगळे मेल परत पहिल्यापासून पाठवा.