घर मुलांच्या नावावर: मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

शेजारच्या काकूंचा प्रश्न साधा होता: फ्लॅट लेकीला द्यायचाय, पण आत्ताच (बक्षीसपत्र, म्हणजे गिफ्ट डीड) की माझ्यानंतर (मृत्युपत्र)?

आधी खर्चाचं बघू. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक; दोन साक्षीदारांसमोर सही पुरते. बक्षीसपत्र मात्र दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदवावंच लागतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडांना देताना मुद्रांक 200 रुपये, वर स्थानिक अधिभार असेल तो. भावाला किंवा पुतण्याला दिलंत तर ही सवलत नाही.

खरा प्रश्न घरावरच्या ताब्याचा आहे. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदला. बक्षीसपत्र झालं की घर तुमचं राहत नाही. लेक चांगलीच आहे हो, पण उद्या तिच्यावर कर्ज झालं तर? सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस, सांभाळलं नाही तर, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 रद्द करू देतं. म्हणून सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली बरी, नाहीतर भांडत बसा.

उलट भांडखोर भावंडं मृत्युपत्रालाच आव्हान देतात. म्हणून मृत्युपत्राला मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा, नोंदणी करा, आणि ज्याला मिळणार त्याला साक्षीदार करू नका. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे, हेही काकूंना दोनदा सांगावं लागलं.

त्याच घरात राहायचंय, आधार तेवढाच आहे, तर मृत्युपत्र. दुसरं घर आहे, पेन्शन आहे आणि मागे वाद होणार हे दिसतंय, तर बक्षीसपत्र. काकूंना मी मृत्युपत्रच सुचवलं.