दुर्बिणीच्या वर्तुळातले युद्ध : ‘लेबनॉन’

६ जून १९८२ रोजी इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये शिरले, तेव्हा पुढे चित्रपट दिग्दर्शक झालेले वीस वर्षांचे सॅम्युएल माओझ एका रणगाड्यात तोफचीच्या जागेवर बसले होते. त्या सकाळी आपल्या हातून आयुष्यात प्रथमच माणूस मारला गेला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तो अनुभव पडद्यावर मांडायला त्यांना पंचवीसहून अधिक वर्षे लागली. २००९ साली त्यांच्या ‘लेबनॉन’ या चित्रपटाला व्हेनिस चित्रपट महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार, ‘गोल्डन लायन’, मिळाला.

सूर्यफुलांच्या शेताची पहिली आणि शेवटची चौकट सोडली, तर सुमारे दीड तास कॅमेरा रणगाड्याबाहेर पडत नाही. आत चार तरुण आहेत, तळाशी घाण पाणी साचले आहे, आणि बाहेरचे जग दिसते ते केवळ शमुलिक या तोफचीच्या दुर्बिणीच्या वर्तुळातून. ती दुर्बीण जरा हलली, तरी यंत्राची घरघर ऐकू येते, आणि पाहणे व नेम धरणे या दोन क्रिया येथे वेगळ्या उरलेल्याच नाहीत, हे त्या आवाजातूनच उमगते.

चित्रपटाचे सारे बळ मला सुरुवातीच्या एका प्रसंगात जाणवले. समोरून मोटार येते, गोळा डागण्याचा हुकूम होतो, परंतु शमुलिकचे बोट कळ दाबत नाही आणि एका सोबत्याचा जीव जातो. पुढच्या वाहनावर मात्र तो गोळा डागतो, आणि त्यात असतो कोंबड्या घेऊन निघालेला एक निरपराध म्हातारा. न डागणे आणि डागणे, दोन्हींची किंमत कोणीतरी जिवाने मोजतो. माओझ यांनी या तोफचीला शूर ठरवलेले नाही आणि क्षमाही मिळवून दिलेली नाही. स्वतःच्या आठवणींशी इतके कठोर राहणे फार थोड्यांना जमते.

एक उणीव मात्र खटकते. जखमी माणसे वारंवार थेट दुर्बिणीत रोखून पाहतात तेव्हा रचना उघडी पडते. शिवाय लेबनीज माणसांना त्या वर्तुळापलीकडे आयुष्यच मिळत नाही. ही मर्यादा तोफचीच्या नजरेची आहे हे मान्य करूनही त्यांची बाजू अबोल राहिल्याची रुखरुख उरते.

चित्रपट हिब्रूत आहे, त्यामुळे उपशीर्षके लागतील. आवाजावर त्याची मोठी भिस्त असल्याने तो भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर न पाहता अंधाऱ्या खोलीत, सलग पाहावा.