बीट पावडर आणि नायट्रिक ऑक्साइडच्या पट्ट्या : काही महिने वापरल्यानंतर

बीपीसाठी बीट पावडर घेतो. तिच्या किटमध्ये नायट्रिक ऑक्साइडची (रक्तवाहिन्या सैल करणारा, शरीरातच बनणारा वायू) पातळी बघायच्या पट्ट्या येतात : लाळ लावायची, पट्टी जितकी गडद गुलाबी तितकी पातळी चांगली. नवीन डबीतल्या पट्ट्या बाहेर काढतानाच गुलाबी निघाल्या. लाळ लावायच्या आधीच! झाकण नीट बसत नाही, दमट हवा आत शिरते आणि अख्खी डबी वाया. कस्टमर केअरचं उत्तर : "म्हणजे तुमची पातळी उत्तम आहे." कोरड्या पट्टीवर माझी पातळी? फोटो पाठवले, बिल पाठवलं, मग तिकडून उत्तरंच बंद झाली.

पावडरची चव, चमचा वगैरे सोडून देतो. (लघवी लालसर होऊ शकते, घाबरू नका.) माझं भांडण पट्टीशी. पुरवून वापरायच्या म्हणून मी त्या कात्रीने उभ्या चिरतो. रंग अर्ध्या पट्टीवरही तेवढाच येतो, पण हे कंपनी कशाला सांगेल?

सुरुवातीला खूश होतो. पावडर घेतली की दोनेक तासांनी पट्टी गडद. खोक्यावर छापलंय, 'रक्तवाहिन्या सैल, प्लेटलेट्स शांत'. (प्लेटलेट्स म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या पेशी.) पण पट्टी मोजते लाळेतलं नायट्राइट, म्हणजे ज्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनू शकतो तो कच्चा माल. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात तयार होतो आणि काही सेकंदांत संपतो. तेवढ्यात तो भिंतीचा स्नायू सैल करतो आणि प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. बीपीवाल्यांचं हे अस्तरच बिघडलेलं असतं. वायू कमी बनतो, बनलेला सुपरऑक्साइडमुळे (ऑक्सिजनचं एक उपद्रवी रूप) वाया जातो, आणि प्लेटलेट्स जरा जास्तच चिकटायला बघतात. यातलं काहीही त्या गुलाबी रंगात दिसत नाही. प्लेटलेट्स किती गोळा होतात हे बघायला रक्तच काढावं लागतं.

एक तारा देऊन मोकळा होणार होतो. तेवढ्यात हिरड्यांसाठी जंतुनाशक माउथवॉश सुरू झाला आणि पट्टी पांढरीफटक! पावडर तीच, माप तेच. बीटमधल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात जिभेवरचे जीवाणू, आणि माउथवॉशने तेच मारले. 2008 साली लंडनच्या संशोधकांनी निरोगी लोकांना अर्धा लिटर बीटचा रस पाजला, तर बीपी उतरलं आणि प्लेटलेट्सचं गोळा होणंही कमी झालं. लाळ गिळू न देता थुंकायला लावली, म्हणजे त्यातलं नायट्राइट पोटात जाऊ दिलं नाही, तेव्हा दोन्ही फायदे गायब. म्हणजे तोंडात काय चाललंय हे पट्टी खरं सांगते; माहितीपत्रकात मात्र माउथवॉशबद्दल एक ओळ नाही. याचा राग डबीपेक्षा जास्त आहे.

बीपीचं म्हणाल तर थोडं उतरलं. 2015 च्या अभ्यासात रुग्णांना चार आठवडे रोज 250 मिली रस दिला होता, वरचा आकडा सरासरी 8 च्या आसपास उतरला. माझा तेवढा नाही, आणि तो रस होता, पावडर नव्हे. गोळ्या चालूच आहेत. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनच्या (प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं रसायन) वाटेने काम करते, तिच्या जागी ही पावडर चालत नाही, विक्रेता काहीही म्हणो. मुतखड्याचा त्रास असेल तर बीटमध्ये ऑक्झलेट (ज्याचे खडे बनतात) भरपूर असतं, आधी डॉक्टरांना विचारा.

पावडरला तीन तारे, पट्ट्यांना दोन. यापुढे पावडर सुटी घेणार, आणि पट्ट्यांचे वाचलेले पैसे बीपी मशीनच्या नव्या कफला. जुना फुगतच नाही.