मुंबईचा इतिहास पाहायचा आहे: आधी भायखळा की फोर्ट?

सुट्टीचा एकच दिवस हातात आहे, सोबत मुलं आहेत किंवा गावाहून आलेली मंडळी, आणि संग्रहालय बघायचं एवढं ठरलंय. अशा वेळी पावलं आपोआप फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे वळतात. ते पाहावंच असं आहे. पण तिथे देश आणि जग भेटतं, मुंबई थोडीशीच. या शहराची घडण समजून घ्यायची असेल तर भायखळ्याला, राणीच्या बागेला, म्हणजे शहराच्या प्राणिसंग्रहालयाला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आधी पाहावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भायखळ्याची इमारत 1872 मध्ये लोकांसाठी उघडली. तिच्यासाठी डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी शहरातून वर्गणी गोळा केली. 1975 मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, आणि मोठ्या जीर्णोद्धारानंतर 2008 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. खाली कारागिरीच्या वस्तू आहेत: हस्तिदंत, चांदी, बिदरी काम, आणि सर जे. जे. कलाशाळेत घडलेली मातीची भांडी. या भांड्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी दिसते. खरा ऐवज मात्र वरच्या मजल्यावर. तिथे बेटांच्या मुंबईचे नकाशे, वेगवेगळ्या जातीजमातींचे पेहराव आणि धंदे दाखवणारे मातीचे पुतळे, होड्यांच्या प्रतिकृती, पारशांच्या दखम्याचा (मृतदेह ठेवण्याच्या गोल बुरुजाचा) नमुना असं बरंच काही आहे. पुतळे वीतभर उंचीचे आहेत. नुसती फेरी मारली तर दहा मिनिटांत ‘बघून झालं’ म्हणतात आणि निराश होतात. एकेका पुतळ्याची पगडी, नेसण आणि हातातलं अवजार पाहत गेलात तर तासही पुरत नाही.

बाहेर बागेत दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो पडून फुटला आणि 1914 मध्ये तुकडे पुन्हा जोडले गेले.

फोर्टचा पसारा वेगळाच. वास्तुविशारद जॉर्ज विटेटची ही इमारत 1914 मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्करी इस्पितळ होतं, त्यामुळे संग्रहालय उघडायला 1922 उजाडलं. सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपावरच्या मातीच्या मूर्ती, लघुचित्रं, शस्त्रं, नाणी, टाटा बंधूंचा संग्रह, शिवाय प्राणी-पक्ष्यांचं दालन. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळं बघण्याचा हट्ट. तिसऱ्या दालनानंतर डोळे पाहतात, पण मनात काही शिरत नाही. तीन दालनं आधीच ठरवून घ्या. शिल्पं आणि लघुचित्रं ही पहिली दोन, तिसरं मुलांच्या आवडीचं. तीन तास हाताशी हवेत. भायखळ्याला दीड तास बास.

लहान मुलांच्या बाबतीत फोर्ट उजवं ठरतं. 2019 पासून आवारात मुलांसाठी स्वतंत्र संग्रहालय आहे, आणि पाच-सहा वर्षांचं मूल प्राण्यांच्या दालनात रमतं. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकलेल्या, प्रश्न विचारायला लागलेल्या मुलांना भायखळा जास्त देतं. शाळेची सहल असेल तर तिथे बारा-पंधरा जणांच्या तुकड्या करा. चाळीस मुलं एकदम वर गेली की मागच्यांना काचेच्या कपाटातलं काहीच दिसत नाही.

उपक्रमांचा बाजही निराळा आहे. भायखळ्यात आजचे चित्रकार-शिल्पकार जुन्या संग्रहाला उत्तर म्हणून आपलं काम त्याच कपाटांच्या शेजारी मांडतात. पहिल्यांदा येणारा कधीकधी गोंधळतो, म्हणून आधी मूळ संग्रह पाहून घ्या. फोर्टात बाहेरच्या संग्रहांची मोठी, फिरती प्रदर्शनं भरतात. विशिष्ट प्रदर्शनासाठीच जायचं असेल तर शेवटची तारीख बघून ठेवा. संग्रहालयाशेजारच्या काला घोडा चौकात कला महोत्सव भरतो, त्या दिवसांत तिथे एवढी गर्दी होते की शांतपणे पाहणं जमत नाही.

आता व्यवहाराचं. भायखळा बुधवारी बंद. राणीची बागही बुधवारीच बंद, त्यामुळे फेरा पूर्ण वाया जातो. अलीकडे हे संग्रहालय दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी कराच. बागेचं तिकीट वेगळं, संग्रहालयाचं वेगळं. आधी संग्रहालय, मग प्राणी. उलट केलंत तर मुलं दमलेली असतात आणि वरचा मजला राहून जातो. फोर्टचं तिकीट भायखळ्याच्या कितीतरी पट आहे, पाच जणांच्या कुटुंबाला ते जाणवतं.

दोन्ही एका दिवसात करायचीच असतील तर दहाला भायखळा, साडेअकराला बाहेर, धीम्या लोकलने तिसरं स्टेशन सीएसएमटी, तिथे जेवण, आणि मग फोर्ट. वेळ असेल तर भायखळ्याला बागेतला इंग्लंडच्या सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळाही पाहून घ्या. काला घोडा चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडा हाच, 1965 मध्ये तिथून हलवलेला. दुपारी त्याच चौकात पोहोचाल तेव्हा तिथे नवा घोडा दिसेल, पाठीवर स्वार नसलेला.